खोली तिघांची, भाडे दोघांचे

‘देतो की!’ मराठवाड्यात उधारीच्या व्यवहारात या दोन शब्दांइतके चलन दुसऱ्या कशाला नसेल. त्यात नकार नाही, आणि तारीखही नाही. दुकानदार ते ऐकतो, आडत्या ऐकतो, वसुलीला गावोगाव फिरणारा बँकेचा माणूस तर नोकरीभर ऐकतो. पण हे शब्द खरे पोळतात ते दहा बाय बाराच्या खोलीत, जिथे म्हणणारा आणि ऐकणारा रात्री एकाच पंख्याखाली झोपतात.

धाराशिव शहरात अशा खोल्या गल्लोगल्ली आहेत. (उस्मानाबाद हे नाव २०२३ मध्ये कागदांवरून गेले, बोलण्यातून जायला वेळ लागेल.) इथे विद्यापीठाचे उपकेंद्र आहे, अभियांत्रिकी आणि आयुर्वेद महाविद्यालये आहेत, अलीकडे वैद्यकीय महाविद्यालयही आले. भूम, परंडा, कळंब, उमरग्याकडच्या ज्या मुलामुलींचा वसतिगृहात नंबर लागत नाही, ती तिघे मिळून खोली घेतात. एक गॅस, एक कुलूप, तीन किल्ल्या. पहिले दोन महिने भाडे वेळेवर जाते. तिसऱ्या महिन्यात एकजण म्हणतो, ‘या वेळचं माझं तुम्ही भरा, मी देतो की!’ आणि दोघे भरतात.

चौथ्या महिन्यातही भरतात. पाचव्यात मात्र बोलणे कमी होते. चहा वेगळा होऊ लागतो. कोणी कोणाची बादली घेतली यावरून भांडण पेटते आणि भाड्याचा विषय कोणीच काढत नाही. घरी आईला फोनवर सांगितले जाते, ‘मेसचा कंटाळा आलाय, एकच वेळ जेवतो.’ खरी गोष्ट अशी असते की दुसऱ्या वेळचे पैसे मित्राच्या भाड्यात गेलेले असतात. हे घरी सांगितले जात नाही, कारण वडील विचारतील, ‘तुला तरी कुठं जास्त झालं होतं?’

घरमालक यात निवांत असतो, आणि कायद्याने त्याला तसे राहता येते. भारतीय करार कायदा १८७२ चा. त्याचे ४३ वे कलम अशा खोलीसाठीच लिहिले असावे असे वाटते. अनेकांनी मिळून एक वचन दिले आणि उलट काही ठरले नसेल, तर ज्याला वचन दिले तो त्यांतल्या कोणाही एकाकडून ते पुरते वसूल करू शकतो. बँकेत याला संयुक्त आणि वैयक्तिक जबाबदारी म्हणतात, आणि सही करणाऱ्या दहांतल्या नऊजणांना ती नोटीस आल्यावर समजते. समजा भाडे साडेचार हजार, प्रत्येकी दीड. तिसऱ्याने हात वर केले, तर मालक उरलेल्यांपैकी कोणाकडेही सगळे मागेल. ज्याने भरले तो इतरांकडून त्यांचा वाटा मागू शकतो. आणि एकाकडून तो निघालाच नाही, तर ते नुकसान राहिलेल्यांनी सारखे सोसायचे. म्हणजे साडेसातशे याचे, साडेसातशे त्याचे.

घर भाड्याने देण्याचा करार लेखी आणि नोंदणी केलेला असावा आणि ती जबाबदारी मालकाची, असे महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ चे ५५ वे कलम सांगते. विद्यार्थ्यांच्या खोल्यांत हे क्वचितच होते. अनामत रोख घेतली जाते, पावती नसते, मालकाच्या वहीत एकाचेच नाव असते. ज्याचे नाव वहीत, त्याच्याच दारावर थाप.

आता त्या तिसऱ्याकडे पाहू. तो लबाड असतोच असे नाही. महिना ही नोकरदारांची मोजणी आहे. दर एक तारखेला पगार होणाऱ्या घरात भाड्याची पाच तारीख बसते. ज्याच्या बापाची सगळी मदार सोयाबीनवर, त्याच्या घरात पैसा येतो दिवाळीच्या सुमारास, आडतीवरून पट्टी मिळाल्यावर. मग थोडी तूर, थोडा हरभरा. ऊस असेल तर बिल कायद्याने चौदा दिवसांत मिळायला हवे. प्रत्यक्षात केव्हा मिळते हे गावात कोणाला विचारू नये. सरकारी मदतीचेही तेच. डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना २०१६-१७ पासून आहे. वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्या अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्याला जिल्ह्याच्या ठिकाणी सुरुवातीला वर्षाला ४३ हजार ठरले, त्यांत राहण्याचे १२ हजार. रक्कम हप्त्याने खात्यात येते, पण घरमालक त्या हप्त्यासाठी थांबत नाही. आणि २०२५ च्या सप्टेंबरात परंडा, भूम भागात पुराने उभी पिके नेली, तेव्हा दिवाळीची तारीखही हातची गेली.

बँकांना हा फरक कळतो, निदान कागदावर तरी. इतर कर्जांचा हप्ता नव्वद दिवस थकला की कर्ज अनुत्पादक ठरते. कमी मुदतीच्या पिकांच्या कर्जाला मात्र २००४ पासून दोन हंगामांची सवड आहे. पीक नसताना शेतकऱ्याकडून हप्ता मागण्यात अर्थ नाही, एवढा साधा विचार. खोलीतही तो करता येतो. एक तारखेला दरडावण्याऐवजी सुरुवातीलाच विचारावे: ‘तुझ्याकडे पैसा येतो केव्हा?’ दिवाळीनंतर येत असेल, तर तेव्हाच चार महिन्यांचा वाटा एकदम घ्यावा. मधले महिने दोघांनी सांभाळायचे की नाही हे आधी ठरवावे, आणि ठरले ते मोबाइलवर का होईना, लिहावे. ‘जून ते सप्टेंबरचे सहा हजार माझ्याकडे आहेत, दिवाळीनंतर देईन,’ एवढा निरोप पुरे. उसन्या पैशाच्या दाव्याची मुदत तीन वर्षे; ती संपण्याआधी लेखी कबुली मिळाली की मुदत नव्याने मोजतात. मित्रावर दावा कोणी लावत नाही, हे खरे. पण ‘मी दोन हजारच घेतले होते’ हे वाक्य त्या निरोपामुळे जन्माला येत नाही.

लिहायला आपल्याकडे संकोच वाटतो. मैत्रीत कागद कशाला? इथे एक जुनी गोष्ट आठवते. न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात शिकताना बाबासाहेब आंबेडकरांचे खोलीतले सोबती होते नवल भथेना. १९२० मध्ये अपुरे शिक्षण पुरे करायला बाबासाहेब लंडनला निघाले, तेव्हा स्वतःची बचत आणि राजर्षी शाहू महाराजांचे साहाय्य यांच्या जोडीला भथेनांचे पाच हजार रुपये होते. ते कर्ज होते आणि दोघेही त्याला कर्जच म्हणत होते. मैत्री त्यानंतरही टिकली.

मागण्याची रीतही असते. हॉटेलात चारचौघांत, किंवा साऱ्या वर्गाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर आकडा टाकून मागू नये. ज्या जिल्ह्यात कर्जापायी माणसांनी जीव दिले आहेत, तिथून आलेल्या पोराला ‘थकबाकी’ हा शब्द पुस्तकातला वाटत नाही. त्याने तो घरातल्या उंबऱ्यावर ऐकलेला असतो. एकट्याला गाठावे, आकडा सांगावा, तारीख विचारावी. तो खोलीवर उशिरा यायला लागला, जेवण टाळू लागला, तर आधी पैशाचे नव्हे, त्याचे विचारावे.

पण दुसरीही जात असते. नवा मोबाइल येतो, वाढदिवसाला ढाब्यावर पार्टी होते, आणि भाड्याला ‘देतो की’. ऐपत असून न देणाऱ्याला बँकेत वेगळ्या यादीत टाकतात. त्याच्यावर दया करू नये. एक महिना सांगावे, मग मालकाला तिघांनी मिळून भेटून पुढच्या महिन्यापासून माणूस बदलायचा आहे असे स्पष्ट कळवावे. मुलींच्या बाबतीत हे अवघड जाते. बरी वस्ती, बरा मालक पुन्हा मिळेल याची खात्री नसते, म्हणून मुलगी दुसरीचे भाडे वर्षभर मुकाट भरत राहते. अशा वेळी आईवडिलांनी मालकाशी एकदा बोलावे. त्यात मुलीचा कमीपणा नाही. पुण्यात सदाशिव पेठेत ‘कॉट बेसिस’ ही पद्धत आहे: ज्याची कॉट त्याचे भाडे, शेजारच्याच्या थकबाकीशी संबंध नाही. धाराशिवच्या मालकांनाही ती विचारून पाहायला हरकत नाही. थोडे जास्त मागतील, पण प्रत्येकाची पावती वेगळी होईल.

आणि अनामतीचा हिशेब परीक्षेचे हॉल तिकीट हातात येण्याआधी मिटवावा. थकलेले भाडे, विजेचे बिल, फुटलेली काच, सगळे त्यातून वजा होते, आणि कोणाच्या वाट्यातून वजा करायचे हे तिघे समोरासमोर असतानाच ठरते. शेवटचा पेपर झाला की ज्याची गाडी आधी लागेल तो आधी जातो. कोणी परंड्याच्या एस.टी.त बसतो, कोणी उमरग्याच्या, आणि मालकाकडे किल्ली द्यायला जो मागे उरतो तो बहुधा भरणाराच असतो.