मेहमाननवाजीचा धंदा आणि दलालीचा टक्का

सोलापूरहून हैदराबादला जाणारा रस्ता आमच्या जळकोटवरून जातो. पूर्वी त्याला राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ९ म्हणत, आता ६५ म्हणतात. माझे कापडाचे दुकान याच गावात आहे. दिवसातून एखाददुसरी गाडी दुकानापुढे थांबते, काच खाली होते आणि आतून प्रश्न येतो, "भाईसाहेब, इथे जेवायला चांगले कुठे मिळेल?" आपण गादीवरूनच हात करतो, "पुढे जा, ढाबा लागेल." गाडी निघून जाते आणि आपण पुन्हा थान उलगडायला लागतो.

या एका प्रश्नाचे नीट उत्तर देण्यासाठी मोठ्या हॉटेलात पगारी माणूस बसवलेला असतो, हे मला माझ्या भाच्यामुळे कळले. तो मुंबईच्या एका हॉटेलात या कामावर आहे. त्याचा धंदा समजून घेता घेता माझ्या स्वतःच्या धंद्यातली एक खोट माझ्या नजरेस आली. आपल्या व्यापारी आणि कारागीर बांधवांपुढे ती ठेवावी म्हणून हा लेख.

कॉन्सिअर्ज म्हणजे कोण?

या माणसाला 'कॉन्सिअर्ज' म्हणतात. शब्द फ्रेंच आहे. इमारतीची राखण करणारा असा त्याचा जुना अर्थ. हॉटेलात खोली देणारा आणि नोंदवहीत नाव लिहिणारा तो रिसेप्शनिस्ट. कॉन्सिअर्जचे टेबल त्याच दालनात पण वेगळे असते. पाहुण्याला रेल्वेचे तिकीट हवे, रात्री बारा वाजता डॉक्टर हवा, कोटाचे बटण लावायला शिंपी हवा, टॅक्सीत राहिलेली पिशवी शोधायची आहे, शहरात कुठे जेवावे ते विचारायचे आहे, अशा सगळ्या कामांसाठी पाहुणा या टेबलाकडे येतो.

हा धंदा किती मानाचा आहे पाहा. १९२९ साली पॅरिसमधील हॉटेलांच्या कॉन्सिअर्ज मंडळींनी आपली संघटना बांधली. १९५२ साली ती अनेक देशांची झाली. तिच्या सभासदाच्या कोटावर एकमेकींवर आडव्या ठेवलेल्या दोन सोनेरी किल्ल्यांची खूण असते. ज्याच्या कोटावर ती खूण, त्याच्या शब्दावर जगभरचे प्रवासी भरवसा ठेवतात.

भाचा बारावीनंतर या लाइनीत गेला तेव्हा घरात सर्वांत मोठा विरोध माझा होता. "लोकांच्या पेट्या उचलायला तुला शिकवले का?" असे मी त्याला सर्वांसमोर बोललो. सुरुवातीला त्याने खरोखर पेट्याच उचलल्या. टेबलावर बसायला त्याला सहा वर्षे लागली.

आधी प्रश्न, मग पत्ता

भाचा म्हणतो, "कुठे जेवावे असे कोणी विचारले की मी लगेच नाव सांगत नाही. आधी मीच विचारतो. बरोबर कोण आहे? लहान मूल आहे का, म्हातारे माणूस आहे का? वेळ किती आहे? आणि काय चालत नाही?" काय आवडते ते पाहुणा आपणहून सांगतो, पण काय चालत नाही ते संकोचाने सांगत नाही. जैन पाहुण्याला कांदा, लसूण, बटाटा चालत नाही. अरब पाहुण्याला हलालची खात्री हवी असते. कुणाला मधुमेह असतो, कुणाचे गुडघे दुखतात आणि सांगितलेल्या खाणावळीचा जिना उभा असतो.

मुंबईत खाण्याच्या जागांना तोटा नाही. ताजमहाल हॉटेल १९०३ साली सुरू झाले, आणि त्याच्याच पाठीमागच्या गल्लीत १९४६ पासूनचे बडेमियाँचे सीककबाब मिळतात. भेंडीबाजारातले नूर मोहम्मदी हॉटेल १९२३ सालचे. तिथली नल्ली निहारी प्रसिद्ध आहे. बॅलार्ड इस्टेटमधले ब्रिटानिया हे इराणी हॉटेलही त्याच सालचे, आणि लोक तिथे बेरी पुलाव खायला जातात. ज्या हॉटेलात एका जेवणाला हजारो रुपये पडतात, तिथला माणूस पाहुण्याला बाहेर कबाब खायला पाठवतो, याचे मला नवल वाटले. मी म्हणालो, "तुझा मालक रागावत नाही?" तो म्हणाला, "मामू, पाहुणा खुश होऊन परत आमच्याच हॉटेलात झोपायला येतो. पुढच्या वर्षी मुंबईला आला तरी आमच्याकडेच उतरतो."

सुट्टीच्या दिवशी तो स्वतःच्या पैशाने नव्या जागी जेवायला जातो आणि वहीत लिहून ठेवतो. कोणता दिवस बंद, किती वाजता गर्दी, रमजानमध्ये रात्री किती वाजेपर्यंत चालू, बायकांना बसायला वेगळी जागा आहे की नाही, मोरी स्वच्छ आहे की नाही. जिथे आपण जेवलो नाही तिथे पाहुण्याला पाठवायचे नाही, असा त्याचा कायदा आहे.

एका पैठणीची गोष्ट

हा कायदा त्याने ठेच लागल्यावर केला. पाहुणे पाठवणारा माणूस म्हटला की दुकानदार, टॅक्सीवाले, खाणावळवाले पाकीट घेऊन त्याच्याकडे येतात. टेबलावर नवा असताना एका साडीच्या दुकानाशी त्याचा टक्का ठरला होता. परदेशातून आलेल्या एका वयस्क बाईंना सुनेसाठी पैठणी हवी होती. त्याने त्यांना त्या दुकानात पाठवले. संध्याकाळी बाईंनी मोठ्या आनंदाने साडी त्याला दाखवली.

लहानपणी माझ्या दुकानात सुट्ट्या काढलेला मुलगा. त्याने पदर उलटा करून पाहिला. हातमागावरच्या खऱ्या पैठणीचा पदर मागूनही पुढच्यासारखाच साफ असतो. या पदराच्या मागे कापलेल्या धाग्यांची पिंजण होती. रात्री त्याचा मला फोन आला. मी म्हणालो, कडेचा एक धागा काढून जाळून बघ. अस्सल रेशीम जळताना केस जळल्यासारखा वास येतो आणि राख बोटाने चुरता येते. याच्या धाग्याची वितळून टणक गोळी झाली. म्हणजे यंत्रमागावरचे पॉलिएस्टर, आणि पैसे रेशमाचे घेतलेले.

त्या वेळी मी काय म्हणालो ते लिहायला लाज वाटते, पण लिहितो. मी म्हणालो, "सोडून दे बेटा. परवा त्या विमानात बसतील. तुझी नोकरी सांभाळ." तो थोडा वेळ गप्प राहिला. मग त्याने विचारले, "मामू, तुम्ही जीपवाल्यांना जो टक्का देता, तो शेवटी कोण भरतो?"

दुसऱ्या दिवशी त्याने बाईंना सगळे खरे सांगितले, पाकिटाचेही. त्यांच्याबरोबर जाऊन पैसे परत मिळवले आणि पाकीट दुकानदाराच्या गल्ल्यावर ठेवून आला. साहेबांनी त्याला लेखी समज दिली, पण कामावर ठेवले.

माझ्या दुकानातील टक्का

आता माझे ऐका. लग्नाचा बस्ता बांधायला खेड्यावरून मंडळी जीप करून येतात. कोणत्या दुकानी न्यायचे ते पुष्कळदा ड्रायव्हरच ठरवतो. अनेक वर्षे मी त्याला शेकडा पाच देत होतो. चाळीस हजारांचा बस्ता झाला तर दोन हजार त्याच्या खिशात. हे दोन हजार मी माझ्या नफ्यातून देत होतो असे म्हणणे खोटे होईल. नऊवारीवर थोडे, शालूवर थोडे, मानपानाच्या टॉवेल-टोपीवर थोडे, असे चढवून मी ते वसूल करीत होतो. म्हणजे टक्का भरत होता मुलीचा बाप. त्यातले कित्येक जण सावकाराचे पैसे काढून आलेले असत. आणि जो ड्रायव्हर त्यांना "हे दुकान भरवशाचे" म्हणून घेऊन आला, त्याने त्यांना मला विकले होते.

कोणी म्हणेल, दलाली तर बाजारात पूर्वीपासून आहे. बरोबर आहे. कापड बाजारातला दलाल आणि मोंढ्यातला आडत्या आपली मजुरी उघड घेतात. विकणाऱ्याला माहीत असते, घेणाऱ्याला माहीत असते, दर ठरलेला असतो. त्यात खोट नाही. ज्या टक्क्याची गिऱ्हाइकाला खबर नाही आणि जो त्याच्याच खिशातून निघतो, तो टक्का वेगळा. भाच्याने एका प्रश्नात मला हा फरक दाखवला. इतकी वर्षे दुकानात बसून मला तो दिसला नव्हता.

मी टक्का बंद केला. त्याचा परिणाम खरा खरा सांगतो. दोन लग्नसराया धंदा बसला. जीपा उमरग्याला आणि सोलापूरला जाऊ लागल्या. घरात कटकट झाली. मग भाव तेवढ्याने उतरवून मी ते उघड सांगू लागलो. काही जुनी गिऱ्हाइके परत आली, काही आजतागायत आली नाहीत. ड्रायव्हर आला तर त्याला चहा आणि जेवण माझ्याकडून असते, पण ते सर्वांच्या देखत असते.

ताजचा धडा

२६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यात ताजमहाल हॉटेलच्या नोकर मंडळींनी जे केले ते सर्वांना माहीत आहे. पळून जाण्याची वाट ठाऊक असूनही ते पाहुण्यांबरोबर थांबले, आणि त्यांतील अनेकांनी जीव गमावला. पुढे डिसेंबर २०११ मध्ये 'हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यू' या अमेरिकन नियतकालिकाने, ही माणसे अशी का वागली, यावर लेख छापला. त्यातल्या तीन गोष्टी आपल्या कामाच्या आहेत. हा समूह माणसे निवडताना महानगरांपेक्षा लहान शहरे आणि गावे पाहतो, कारण थोरांचा मान ठेवण्याची सवय तिथल्या मुलांना घरातून लागलेली असते. प्रशिक्षण इतरत्र बारा महिन्यांचे असते, ते तिथे अठरा महिन्यांचे. आणि कंपनी व पाहुणा यांत पाहुण्याची बाजू घ्यावी, असे नोकराला शिकवले जाते.

आमच्या रस्त्यावरचे भांडवल

मोठ्या हॉटेलची गोष्ट जळकोटला काय कामाची, असे वाटेल. पण या रस्त्यावर पाहुणे कमी नाहीत. तुळजापूरला भवानीच्या दर्शनाला जाणारे, नळदुर्ग-अणदूरच्या खंडोबाचे भक्त, धाराशिवला हजरत ख्वाजा शमसुद्दीन गाझी यांच्या दर्ग्याच्या उरुसाला जाणारे, पावसाळ्यात नळदुर्गच्या किल्ल्यातला पाणीमहाल आणि त्यावरून कोसळणारे नर-मादी धबधबे पाहायला येणारे. काही तर चुकून येतात, कारण लातूर जिल्ह्यातही जळकोट आहे आणि ते तालुक्याचे गाव आहे. त्यांनाही भूक लागलेलीच असते.

आणि खायला घालायला आपल्याकडे काय नाही? उस्मानाबादी शेळीची जात या जिल्ह्याच्या नावाने ओळखली जाते. बहुधा काळी, पुष्कळदा जुळी देणारी, आणि तिच्या मटणाला चव आहे. ज्वारीची भाकरी, येसराची आमटी, शेंगदाण्याची चटणी हे शाकाहारी माणसाचे पोटभर जेवण आहे. आपल्या घरांतला दालचा, तहारी, खिचडी-खट्टा हा हैदराबादशी असलेल्या जुन्या नात्याचा ठेवा आहे. भूम भागातील कुंथलगिरीच्या खव्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले. पण प्रवाशाने विचारले की आपण यातले एकही नाव घेत नाही.

मोबाइलवर सगळे दिसते, माणसाला कोण विचारतो, असेही म्हणतात. मोबाइलवर नाव दिसते आणि तारे दिसतात. पण आज त्या ढाब्याचा आचारी सुट्टीवर आहे, शाकाहारी जेवणाची भांडी वेगळी आहेत की नाहीत, जुमाच्या नमाजला दुकान किती वेळ बंद असते, हे गावच्या माणसालाच ठाऊक असते.

मुलांना या लाइनीत पाठवायचे असेल तर

बारावीनंतर हॉटेल व्यवस्थापनाची पदवी घेता येते. सरकारी संस्थांसाठी देशभर एकच प्रवेश परीक्षा असते. औरंगाबादेत, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरात, डॉ. रफिक झकेरिया यांच्या मौलाना आझाद शिक्षण संस्थेची हॉटेल व्यवस्थापन संस्था आहे आणि तिने ताज समूहाबरोबर काम केले आहे. उर्दू माध्यमातल्या मुलांना इंग्रजी बोलण्याची भीती वाटते. माझ्या भाच्यालाही वाटत होती, ती दोन वर्षांत गेली.

एक गोष्ट घरात आधीच बोलून घ्यावी. मोठ्या हॉटेलात दारू असते आणि शिकताना त्या विभागाचीही माहिती दिली जाते. पुढे स्वयंपाकघर, खोल्यांची व्यवस्था, हिशेब, कॉन्सिअर्जचे टेबल असे अनेक विभाग निवडता येतात. भाच्याने पहिल्याच मुलाखतीत आपली अडचण स्पष्ट सांगितली होती. लपवून नोकरी धरली आणि नंतर भांडण केले, तर नुकसान आपलेच होते.

ज्यांना दुकानच चालवायचे आहे त्यांच्यासाठी एवढेच. गल्ल्याजवळ एक लहान वही ठेवा. आसपासच्या चार खाणावळी, डॉक्टर, पंक्चरवाला, मंदिराची आणि नमाजची वेळ त्यात लिहा. जिथे तुम्ही स्वतः जेवला आहात तेच नाव सांगा, आणि त्याबद्दल कुणाकडून चहासुद्धा घेऊ नका. पुढच्या वेळी गाडी थांबली की गादीवरून उठून खाली या, आणि पत्ता सांगण्याआधी गाडीत कोण कोण आहे ते विचारा.