हाडांचा टीबी: गैरसमज आणि वस्तुस्थिती

टीबी म्हटले की आपल्याला खोकला आणि बेडकाच आठवतो. त्यामुळे पाठ किंवा खुबा दुखू लागला, तर टीबीची शंकाही कुणाला येत नाही. आधी बाम, मग मालिश, मग मेडिकलमधून आणलेली वेदनाशामक गोळी, असे करत महिने निघून जातात. हा आजार औषधांनी बरा होतो. उशिरामुळे वाकलेला कणा मात्र औषधांनी सरळ होत नाही. म्हणून पुढचे गैरसमज दूर व्हायलाच हवेत.

गैरसमज: टीबी फक्त फुफ्फुसांचा असतो.
वस्तुस्थिती: जंतू श्वासावाटे शिरतात, पण रक्तातून हाडांपर्यंतही पोचतात. हाडांच्या टीबीचे जवळपास निम्मे रुग्ण कण्याचे असतात; त्याखालोखाल खुबा आणि गुडघा. त्यांतल्या पुष्कळांच्या छातीचा एक्स-रे अगदी स्वच्छ असतो.

गैरसमज: ताप, खोकला नाही, म्हणजे टीबी नाही.
वस्तुस्थिती: संध्याकाळचा बारीक ताप, वजन घटणे ही लक्षणे असतीलच असे नाही. हळूहळू वाढणारे, पडून राहूनही न थांबणारे दुखणे हीच अनेकदा पहिली खूण असते. लहान मुलाकडे नीट पाहा. जमिनीवरचे खेळणे उचलताना ते कमरेत वाकत नाही. पाठ ताठ ठेवून, गुडघे दुमडून खाली बसते. दिवसा स्नायू दुखऱ्या भागाला आवळून धरतात. रात्री झोपेत ते सैल पडतात, सांधा हलतो आणि मूल किंचाळत उठते. पू झाला तरी गाठ लाल किंवा गरम होत नाही. कण्यातला पू स्नायूच्या कडेने खाली उतरून जांघेतही दिसू शकतो.

गैरसमज: एक्स-रे नॉर्मल आला, चिंता मिटली.
वस्तुस्थिती: हाडातले ३० ते ४० टक्के खनिज गेल्याशिवाय साध्या एक्स-रेत बदल दिसत नाही. एमआरआयमध्ये तो कितीतरी आधी कळतो.

गैरसमज: रक्त तपासले की टीबी कळतो.
वस्तुस्थिती: ईएसआर या रक्तचाचणीचा आकडा अनेक आजारांत वाढतो. अँटिबॉडी शोधून टीबी ठरवणाऱ्या रक्तचाचण्यांवर तर भारत सरकारने २०१२ मध्ये बंदी घातली. एमआरआयवरही इतर जंतुसंसर्ग किंवा कर्करोग टीबीसारखा दिसू शकतो. म्हणून शक्य तिथे सुईने हाडाचा तुकडा किंवा पू काढून तपासावा लागतो. इथे एक छोटी गोष्ट मोलाची आहे. सगळा नमुना फॉर्मलिनमध्ये टाकला तर जंतू मरतात आणि कल्चर, म्हणजे जंतू वाढवून पाहण्याची तपासणी, होत नाही. एक भाग फॉर्मलिनमध्ये आणि दुसरा सलाइनमध्ये हवा. सीबीनॅट चाचणीत काही तासांत जंतू आहे का आणि त्याला रिफाम्पिसिन हे औषध लागू पडेल का, हे कळते. हाडात जंतू कमी असतात; त्यामुळे ही चाचणी निगेटिव्ह आली तरी टीबी नाहीच, असे म्हणता येत नाही.

गैरसमज: कण्याचा टीबी म्हणजे ऑपरेशन.
वस्तुस्थिती: बनारस हिंदू विद्यापीठातले डॉ. एस. एम. तुली यांनी १९७५ मध्ये मध्यममार्ग मांडला: मुख्य उपचार औषधांचा, शस्त्रक्रिया गरजेपुरती. आजही बहुतेक रुग्ण औषधे, विश्रांती आणि पट्टा यांवर बरे होतात. पायांतली ताकद झपाट्याने जात असेल, पोक वाढत असेल किंवा औषधांनी फरक पडत नसेल, तर शस्त्रक्रिया करतात. त्यानंतरही गोळ्यांचा पूर्ण कोर्स घ्यावाच लागतो.

गैरसमज: दुखणे थांबले की गोळ्या बंद केल्या तरी चालते.
वस्तुस्थिती: वेदना आधी थांबते, जंतू नंतर संपतात. नेहमीच्या औषधांना दाद देणाऱ्या हाडांच्या टीबीचा कोर्स भारतात साधारण १२ महिन्यांचा असतो: पहिले २ महिने चार औषधे, नंतर तीन. काहींना तो १८ महिन्यांपर्यंत वाढवावा लागतो. लघवी केशरी होते ती रिफाम्पिसिनमुळे, त्याने घाबरू नये. डोळे पिवळे दिसले, सतत उलट्या झाल्या किंवा दिसायला अंधुक झाले, तर मात्र त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. सरकारी केंद्रात औषधे मोफत मिळतात. निक्षय पोषण योजनेत आहारासाठी मिळणारे दरमहा ५०० रुपये नोव्हेंबर २०२४ पासून १,००० झाले आहेत.

गैरसमज: रुग्णाचे ताट-वाटी वेगळी ठेवावी.
वस्तुस्थिती: फक्त हाडातला टीबी सोबत जेवल्याने, झोपल्याने पसरत नाही. फुफ्फुसांतही आजार आहे का, एवढे तपासून घ्यावे. घरच्यांनी दूर सारलेला माणूस वर्षभराच्या गोळ्या कुणाच्या आधारावर घेणार?

पाठ किंवा सांधा तीन-चार आठवडे दुखतोच आहे, रात्री जास्त दुखतो, वजन उतरते आहे, तर चोळून घेऊ नका आणि सांध्यात स्टिरॉइडचे इंजेक्शन घेण्याची घाई करू नका. हाडांच्या डॉक्टरांना सरळ विचारा, "हा टीबी असू शकतो का?" पायांत मुंग्या येत असतील किंवा चालताना तोल जात असेल, तर आठवडाभरही थांबू नका.