वणव्याच्या वाटेवरची घरं

सिडनीच्या पश्चिमेला असलेल्या ब्लू माउंटन्समधली बरीच गावं डोंगरधारेवर वसली आहेत. दोन्ही बाजूंना निलगिरीच्या रानाने भरलेल्या दऱ्या आणि बाहेर पडायला मोजकेच रस्ते. निलगिरीच्या पानांत तेल असतं, झाडांची सुटलेली साल वाळून लोंबत राहते. शिवाय वणवा चढावर जास्त वेगाने पळतो. चढ १० अंशांनी वाढला की त्याचा वेग साधारण दुप्पट होतो. ऑक्टोबर २०१३मध्ये स्प्रिंगवूड, विनमली आणि यलो रॉक परिसरात सुमारे २०० घरं जळाली.

बहुतेक घरं पेटतात ती वाऱ्याबरोबर उडत आलेल्या ठिणग्यांमुळे. पन्हळीतला पाचोळा, छपरातली फट, दाराशी पडलेलं काथ्याचं पायपुसणं, एवढं त्यांना पुरतं. म्हणून उन्हाळ्यापूर्वीच पन्हळी साफ कराव्यात, फटी बुजवाव्यात, झरोक्यांना बारीक धातूची जाळी लावावी आणि भिंतीलगत रचलेली लाकडं दूर हलवावीत.

घरातल्या सगळ्यांनी बसून आधीच ठरवावं: कधी निघायचं, कोणत्या रस्त्याने, कुठे आणि पाळीव जनावरांना कोण घेणार. सोबत न्यायच्या पिशवीत औषधं, कागदपत्रं, पाणी, बॅटरीवरचा रेडिओ आणि लोकरीची कांबळी असावीत. अंगात पूर्ण बाह्यांचे सुती कपडे घालावेत. नायलॉन वितळून कातडीला चिकटतं.

वणव्याच्या धोक्याची ‘कॅटॅस्ट्रॉफिक’ ही सर्वांत वरची पातळी जाहीर झाली की धूर दिसण्याची वाट पाहू नये. लवकर निघणं हाच सर्वांत सुरक्षित मार्ग. शेजारी एकटं राहणारं वृद्ध माणूस असेल, तर त्यांना कोण नेणार हेही आजच ठरवून ठेवा.