साक्षांकित प्रत आणि घरातील नवा संचालक

बारामती-इंदापूर परिसरातील आपल्या समाजाला ‘कंपनी’ हा शब्द नवा नाही. सोलापूरचे शेठ वालचंद हिराचंद दोशी यांनी इंदापूर तालुक्यात साखर कारखाना उभारला आणि त्याभोवती वालचंदनगर वसले. तरीही आपल्या बहुतेक पेढ्या मालकीच्या अथवा भागीदारीच्याच राहिल्या. आता पुढची पिढी खाजगी कंपनी काढू पाहते. तीस किमान दोन संचालक लागतात आणि दुसरे नाव बहुधा आईचे किंवा सुनेचे सुचविले जाते. कागदपत्रांचा खरा प्रश्न येथून सुरू होतो.

एके काळी प्रतीवर राजपत्रित अधिकाऱ्याचा शिक्का मिळविण्यासाठी कचेरीच्या पायऱ्या झिजवाव्या लागत. पुढे बहुतेक सरकारी अर्जांना स्वयंसाक्षांकन चालू लागले. कंपनीच्या नोंदणी अर्जावर मात्र व्यवसायरत सनदी लेखापाल, कंपनी सचिव किंवा कॉस्ट अकाउंटंट यांचे प्रमाणपत्र लागते. आपल्या गावात सारे ओळखीचे. त्यामुळे मोबाइलवरून आधारचे छायाचित्र पाठवायचे आणि ‘तेवढी सही करून टाका’ म्हणायचे, अशी सवय जडली आहे. परंतु अर्ज तपासला जातो तो हरियाणातील मानेसरच्या केंद्रात. तेथे बारामतीची पेढी कोणास ठाऊक नसते. ठाऊक असतो तो केवळ कागद. बँकेत आम्ही ‘मूळ पाहिले व पडताळले’ असा शिक्का मारीत असू. साक्षांकनाचा अर्थ एवढाच आणि एवढा मोठा आहे.

नावाचा घोळ आपल्याकडे विशेष. ‘शहा’ हे आडनाव पॅनवर एका इंग्रजी स्पेलिंगने, तर आधारवर शेवटी जादा ‘ए’ लावून आलेले असते. विवाहित भगिनींच्या आधारवर पतीचे नाव असते. संचालक ओळख क्रमांकासाठी मात्र वडिलांचे नाव द्यावे लागते आणि ते पॅनशी जुळावे लागते. माहेरचे नाव पॅनवर व सासरचे आधारवर असेल, तर आधी एक दुरुस्त करून घ्यावे, मगच अर्ज भरावा.

पत्त्याचा पुरावा दोन महिन्यांहून जुना चालत नाही. एकत्र कुटुंबात वीजबिल अजूनही आजोबांच्या नावे येते, आणि सुनेच्या नावे एकही बिल नसते. तिचे स्वतःचे बचत खाते व त्यावर अद्ययावत पत्ता असल्यास बँकेचा खातेउतारा उपयोगी पडतो. असे खाते केवळ या कामापुरते नव्हे, एरवीही असावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

जुळत नाही म्हणून प्रतीत फेरफार करणे हा निराळाच प्रकार. तत्त्वार्थसूत्रात सत्याणुव्रताचे जे पाच अतिचार सांगितले आहेत, त्यांत ‘कूटलेखक्रिया’ आहे. म्हणजे खोटा लेख करणे. कंपनी कायदा, 2013 चे कलम 448 हेच सांगते, आणि ते खोटे विधान करणाऱ्यास तसेच खोटे प्रमाणपत्र देणाऱ्यास, दोघांनाही लागू होते. ओळखीच्या सनदी लेखापालाने मूळ कागद मागितला, तर तो आपला अविश्वास करीत नाही. स्वतःची सनद जपत असतो.

‘नुसते नाव तर लावायचे आहे’ हे वाक्य घरातील स्त्रियांना फार ऐकविले जाते. सप्टेंबर 2017 मध्ये केंद्र सरकारने तीन लाखांहून अधिक संचालकांना अपात्र ठरविले. सलग तीन वर्षे कंपनीची विवरणपत्रे न भरणे, हे त्याचे कारण. अशी अपात्रता पाच वर्षांची असते आणि ती व्यक्तीस चिकटते. मग नाव नुसते लावलेले असो वा नसो. म्हणून सही करण्यापूर्वी कंपनी कोणती, व्यवसाय कोणता आणि विवरणपत्रे कोण भरणार, हे त्या भगिनीस बसवून सांगावे. तिने नाही म्हटल्यास दुसरे नाव शोधावे.

देताना प्रतीवर तारीख व ‘अमुक कंपनीच्या नोंदणीसाठीच’ असे लिहावे. 2018 पासून संचालकांना केवायसीचे पत्रकही भरावे लागते. मुदत टळली तर ओळख क्रमांक निष्क्रिय होतो आणि तो पुन्हा चालू करण्यास 5,000 रुपये पडतात. त्या पत्रकात मोबाइल क्रमांक व ईमेल संचालकाचाच द्यावा, करसल्लागाराचा किंवा दुकानातील मुनीमजींचा नव्हे. ओटीपी तेथेच येतो.