दोन केबलींची स्पर्धा

संगणकाला कळफलक, माऊस, प्रिंटर, कॅमेरा अशी अनेक यंत्रे जोडावी लागतात. १९९५ च्या सुमारास यांपैकी बहुतेक यंत्रांची केबल वेगवेगळी असे. प्रिंटरची केबल जाड असे, तर कळफलकाची पिन गोल असे. नवे यंत्र जोडल्यावर बहुधा संगणक बंद करून पुन्हा चालू करावा लागे.

ही अडचण दूर करण्यासाठी दोन पद्धती पुढे आल्या : फायरवायर आणि यूएसबी. शाळा सुटल्यावर मुले एका रांगेत दारातून बाहेर पडतात. या दोन्ही पद्धतींत माहितीचे लहान लहान घटक, म्हणजे बिट, तसेच एकामागून एक तारेतून जातात. त्यामुळे केबल बारीक असली तरी चालते. संगणक चालू असतानाच यंत्र जोडता येते. लहान यंत्राला त्याच केबलमधून वीजही देता येते.

मग दोहोंत फरक कोणता? फायरवायर मुख्यतः ॲपल कंपनीने विकसित केली. १९९५ साली तिचे मानक ठरले. ती एका सेकंदात ४० कोटी बिट पाठवू शके. १९९६ साली आलेली यूएसबी जास्तीत जास्त १ कोटी २० लाख बिट पाठवी. फायरवायरने जोडलेली दोन यंत्रे संगणकाशिवायही एकमेकांना माहिती देऊ शकत. म्हणून व्हिडिओ कॅमेऱ्यासाठी ती फार सोयीची होती. यूएसबीत मात्र सारा कारभार संगणकाकडे असे. त्याने विचारले, तरच जोडलेले यंत्र उत्तर देई.

पण हा उणेपणाच यूएसबीच्या उपयोगी पडला. सारे काम संगणक सांभाळत असल्यामुळे माऊससारख्या यंत्राला साधी, स्वस्त चिप पुरे. फायरवायरची चिप महाग होती आणि परवान्याचे शुल्कही द्यावे लागे. यूएसबी सात कंपन्यांनी मिळून तयार केली. इंटेल कंपनीत या कामात पुढाकार घेणारे अजय भट्ट हे मूळचे बडोद्याचे.

२००० साली यूएसबीचा वेग सेकंदाला ४८ कोटी बिटांवर गेला. त्यानंतर फायरवायर हळूहळू मागे पडली. २०२४ च्या अखेरीस युरोपीय संघाने नव्या मोबाइल फोनसाठी यूएसबी टाइप-सी सक्तीची केली. एकच चार्जर अनेक यंत्रांना चालावा आणि कचरा कमी व्हावा, हा त्यामागील हेतू आहे.

केवळ वेगवान असणे पुरेसे नसते. जे सर्वांना परवडते आणि सर्वांशी जुळते, तेच घरोघरी पोहोचते.