अपडेट चालू असताना लाईट गेली

परवा आमच्या एरंडोलच्या गल्लीतल्या काकांची हाक आली. अपडेट चालू असताना लाईट गेली, तेव्हापासून कॉम्प्युटरवर निळा स्क्रीन. "फॉरमॅट मारावा लागेल का रे भाऊ?" आत कपाशीचे हिशेब, नातीच्या बारशाचे फोटो!

नशीब, दिवाळीत मीच तिथे सिस्टीम रिस्टोअर चालू केलं होतं. 'ट्रबलशूट'मधून आदल्या दिवशीची तारीख निवडली, अर्ध्या तासात कॉम्प्युटर सुरू. तोवर दोन चहा झाले.

तुम्हीही करा. सर्चमध्ये 'क्रिएट अ रिस्टोअर पॉइंट' टाइप करा, सी ड्राइव्ह निवडा, 'कॉन्फिगर'मधून प्रोटेक्शन चालू करा, ५-१० टक्के जागा द्या, 'क्रिएट' दाबा. ही सोय २००० सालच्या विंडोज एमईपासून आहे, पण कित्येक मशीनवर बंदच असते.

मात्र हा बॅकअप नव्हे. रिस्टोअर फक्त सिस्टीम फाइली, ड्रायव्हर, प्रोग्राम मागे नेतं; डिलीट झालेला फोटो परत देत नाही. त्यासाठी बाहेरची हार्डडिस्क लावून 'फाइल हिस्टरी'.

आणि विंडोज उघडलंच नाही तर? किमान १६ जीबीच्या पेनड्राइव्हवर 'रिकव्हरी ड्राइव्ह' आजच बनवा. त्यावरचं सगळं पुसलं जातं, तेव्हा हळदीची गाणी आधी काढून घ्या.

कुठे अडलं तर स्क्रीनचा फोटो कमेंटमध्ये टाका.