चेहरा दाखवण्याच्या सक्तीची पंधरा वर्षं

फ्रान्सच्या नॅशनल असेंब्लीत १३ जुलै २०१० रोजी सार्वजनिक जागी चेहरा झाकण्यावर बंदी घालणारं विधेयक मतदानाला आलं. बाजूने ३३५ मतं पडली, विरोधात एक. समाजवादी, साम्यवादी आणि हरित पक्षांच्या बहुतेक सदस्यांनी मतदानच केलं नाही. उघड विरोध नको आणि पाठिंबाही नको, म्हणून ते बाजूला राहिले. विरोधातलं एकमेव मत दानिएल गारिग यांचं. सप्टेंबरात सेनेटनेही २४६ विरुद्ध १ असा कौल दिला आणि ११ एप्रिल २०११ पासून कायदा लागू झाला. रस्ता, बाग, बाजार, बस, दवाखाना, कुठेही झाकलेला चेहरा दिसला तर दीडशे युरोपर्यंत दंड, किंवा नागरिकत्वाच्या वर्गाला हजेरी, किंवा दोन्ही. बाईला चेहरा झाकायला भाग पाडणाऱ्याला एक वर्षाची कैद आणि ३० हजार युरो दंड. ती अल्पवयीन असेल तर शिक्षा दुप्पट. कायद्याच्या मजकुरात इस्लामचं नाव नाही, बुरख्याचंही नाही. पण तो कोणासाठी आहे हे देशात सगळ्यांना ठाऊक होतं.

त्या वेळी डोळे सोडून सगळा चेहरा झाकणारा नकाब घालणाऱ्या बायका फ्रान्समध्ये किती होत्या? गृहखात्याचा अंदाज सुमारे १९००. देशाची लोकसंख्या साडेसहा कोटींच्या घरात.

नकाब मला पटत नाही. बाईचा चेहरा ही लपवण्याची वस्तू आहे, ही कल्पनाच मला अपमानकारक वाटते. तरीही या पंधरा वर्षांकडे वळून पाहताना मला एकच गोष्ट तपासायची आहे. ज्या बाईच्या नावाने हा कायदा झाला, तिच्या हाती त्याने काय दिलं?

सुरुवात आधीची आहे. १९८९ मध्ये पॅरिसच्या उत्तरेला क्रेय या गावी तीन मुलींनी डोक्यावरचा रुमाल काढायला नकार दिला आणि शाळेने त्यांना बाहेर काढलं. शिक्षणमंत्री लिओनेल जोस्पँ यांनी कोंसेय देता या सर्वोच्च प्रशासकीय न्यायसंस्थेचा सल्ला मागितला. तिने सांगितलं की विद्यार्थ्याच्या अंगावर धर्माची खूण असण्यानेच शाळेची धर्मनिरपेक्षता मोडत नाही, प्रत्येक प्रकरण वेगळं पाहावं. पुढे बरीच वर्षं मुख्याध्यापकांना हे वाद एकेक करून निस्तरावे लागले. मग मार्च २००४ मध्ये सरकारी शाळांतल्या विद्यार्थ्यांना ठळक धार्मिक खुणांची सरसकट बंदी झाली. त्या कायद्याबद्दल मतभेद असू शकतात, पण शाळा ही शासनाची जागा आणि तिथली मुलं अजाण, एवढा तरी आधार त्याला होता. २०१० चा कायदा शाळेचं फाटक ओलांडून रस्त्यावर आला आणि सज्ञान बाईपर्यंत पोचला.

तो रस्त्यावर आणला कोणी, हेही पाहण्यासारखं आहे. जून २००९ मध्ये व्हर्सायला भरलेल्या संयुक्त अधिवेशनात राष्ट्राध्यक्ष निकोला सार्कोझी यांनी बुरख्याला प्रजासत्ताकात थारा नसल्याचं जाहीर केलं, ही बातमी जगभर गेली. पण नकाबाबद्दल संसदीय समिती नेमण्याची मागणी लावून धरणारे आणि पुढे तिचे अध्यक्ष झालेले आंद्रे जेरँ हे साम्यवादी होते. लिऑं शहराला लागून असलेल्या वेनिस्यूचे ते बराच काळ महापौर होते. वेनिस्यू हे मजुरांचं उपनगर, आणि तिथल्या मँगेत वसाहतीतल्या उंच इमारतींत उत्तर आफ्रिकेतून आलेली कुटुंबं राहतात. समतेसाठी आणि वंशद्वेषाविरुद्ध १९८३ साली फ्रान्सभर जो मोठा मोर्चा निघाला, त्याची कल्पना याच वसाहतीतल्या तरुणांची. ती हाक देशाने पुरती ऐकली नाही. पंचवीस वर्षांनी त्याच गावचा महापौर संसदेत येऊन नकाबाबद्दल बोलू लागला, तेव्हा मात्र सगळ्या देशाने कान दिला.

बंदीची बाजू घेणाऱ्या सगळ्यांना मुस्लिमद्वेष्टे म्हणणं मात्र खोटेपणाचं होईल. फादेला आमारा यांनी उपनगरांतल्या मुलींसाठी संघटना उभी केली होती. आईवडील अल्जेरियाचे, स्वतः पुढे सार्कोझींच्या मंत्रिमंडळात, आणि त्या ठामपणे बंदीच्या बाजूने होत्या. अल्जेरियन वंशाच्या अनेक बायकांच्या मनात १९९० चं दशक ताजं होतं. अल्जेरियातल्या तेव्हाच्या यादवीत सशस्त्र गटांनी डोकं न झाकणाऱ्या बायकांना धमकावलं, आणि १९९४ मध्ये एका शाळकरी मुलीला त्यासाठीच गोळी घातली. ज्यांनी हे पाहिलं त्यांना पॅरिसच्या भाजीबाजारात नकाब दिसला की धडकी भरणार, यात नवल नाही. त्यांची भीती खरी होती. पण त्याच अल्जेरियाच्या आठवणीला दुसरी बाजूही आहे. मे १९५८ मध्ये, फ्रेंच सत्तेच्या शेवटच्या वर्षांत, अल्जिअर्सच्या चौकात समारंभपूर्वक बायकांचे बुरखे उतरवले गेले होते. ती आठवण सोबत घेऊन आलेली कुटुंबंही याच वसाहतींत राहत होती.

विधेयक येण्याआधी सरकारने पुन्हा कोंसेय देताला विचारलं. मार्च २०१० मध्ये उत्तर आलं की सरसकट बंदीला भक्कम कायदेशीर पाया दिसत नाही. ओळख पटवायची असेल तिथे चेहरा दाखवायला लावता येईल. सरकारने हा सल्ला बाजूला ठेवला.

कायदा लागू झाला तेव्हा ओपन सोसायटी संस्थेने फ्रान्समधल्या नकाब घालणाऱ्या ३२ बायकांच्या मुलाखती प्रसिद्ध केल्या. बहुतेकींनी तो स्वतःहून घेतला होता, कित्येकींनी घरच्यांच्या विरोधाला न जुमानता. रस्त्यात शिव्या आणि हेटाळणी हा त्यांचा रोजचा अनुभव होता. ३२ हा आकडा लहान आहे, आणि जी खरोखर कोंडलेली आहे ती मुलाखत द्यायला येणार नाही, हेही धरायला हवं. पण समाजशास्त्रज्ञ आन्येस द फेओ दहा वर्षं या बायकांना भेटत राहिल्या आणि २०२० मध्ये त्यांनी त्यावर पुस्तक लिहिलं. त्यांना दिसलेलं चित्र अधिक अस्वस्थ करणारं आहे. कायद्याआधी नकाब घेणाऱ्या बऱ्याच जणी धर्मात बुडालेल्या, फार गवगवा न करणाऱ्या होत्या. बंदीच्या गदारोळानंतर मात्र काही तरुण मुली, त्यांतल्या काही नव्याने धर्मांतर केलेल्या, तो अंगावर चढवू लागल्या तेव्हा त्यात शासनाला डिवचणं होतं. थोड्या जणी थेट सीरियाच्या वाटेला लागल्या. आणि अनेकींनी पुढे तो उतरवला, पण दंडाला भिऊन नव्हे. आयुष्य बदललं, नवरा सुटला, मनातली श्रद्धा निराळ्या वाटेने गेली, म्हणून.

पहिल्या साडेचार वर्षांत दंडाच्या पावत्या दीड हजारांच्या आसपास फाटल्या, त्यांतल्या बऱ्याच त्याच त्याच बायकांच्या नावाने. रशीद नेक्काझ या उद्योजकाने हे दंड भरायला निधीच उभारला. जुलै २०१३ मध्ये पॅरिसजवळच्या त्राप गावात नकाबवाल्या बाईची पोलिसांनी ओळख तपासल्यावरून वाद पेटला आणि दंगल झाली. सक्ती करणाऱ्या नवऱ्याला किंवा भावाला ३० हजार युरो दंड करण्याचं कलम मोठ्या अभिमानाने मांडलं गेलं होतं. बातम्यांत गाजत राहिली ती बाईची पावती.

मग प्रकरण स्ट्रासबर्गला मानवी हक्क न्यायालयात गेलं. अर्जदार १९९० साली पाकिस्तानात जन्मलेली फ्रेंच नागरिक. निकालपत्रात ती केवळ तीन आद्याक्षरांनी ओळखली जाते. तिचं म्हणणं असं की मला कोणी भाग पाडत नाही, नकाब मी नेहमीच घालते असंही नाही, आणि विमानतळावर, बँकेत किंवा सुरक्षा तपासणीला चेहरा दाखवायला माझी ना नाही. १ जुलै २०१४ रोजी निकाल लागला. सुरक्षेचं कारण सरसकट बंदीला पुरत नाही, असं न्यायालयाने म्हटलं. स्त्रीपुरुष समतेचं कारणही त्याने नाकारलं, कारण जी बाई स्वतः ती प्रथा आपला हक्क म्हणून मागते, तिच्याविरुद्ध समतेच्या नावाने बंदी लादता येत नाही. फ्रान्सचे दोन्ही मोठे युक्तिवाद असे पडले. टिकला तो तिसरा: एकत्र जगायचं तर माणसांनी एकमेकांचे चेहरे पाहायला हवेत, आणि ते ठरवण्याची मोकळीक देशाला असावी. पंधरा विरुद्ध दोन मतांनी कायदा वाचला. विरोधातल्या दोन्ही न्यायाधीश स्त्रिया, आंगेलिका नुसबर्गर आणि हेलेना येडरब्लोम. शेजाऱ्यांना माझा चेहरा पाहायला मिळावा हा त्यांचा हक्क ठरत नाही, या त्यांच्या म्हणण्याकडे माझा कल आहे. २०१८ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क समितीनेही दोन फ्रेंच बायकांच्या तक्रारीवर सांगितलं की या कायद्याने धर्मस्वातंत्र्याचा भंग होतो आणि बाईला वाचवण्याऐवजी तो तिला घरात कोंडू शकतो. फ्रान्सने कायदा बदलला नाही.

तोवर वाट रुळली होती. बेल्जियमने २०११ मध्येच बंदी आणली, ऑस्ट्रियाने २०१७ मध्ये, डेन्मार्कने २०१८ मध्ये. नेदरलँड्सने २०१९ मध्ये शाळा, इस्पितळं, सरकारी इमारती आणि सार्वजनिक वाहनांपुरती. व्हिएन्नात दुकानाची जाहिरात करणाऱ्या, शार्क माशाचा पोशाख घातलेल्या माणसालाही दंड झाला, कारण कायद्यात धर्माचं नाव घ्यायचं नसेल तर तो प्रत्येक झाकलेल्या चेहऱ्याला लावावा लागतो.

स्वित्झर्लंडचं उदाहरण अधिक शिकवणारं आहे. ७ मार्च २०२१ च्या सार्वमतात ५१.२ टक्के मतांनी बंदी मंजूर झाली. ही मोहीम चालवणारी मंडळीच २००९ मध्ये मिनारांवर बंदी आणून मोकळी झाली होती. नकाब घालणाऱ्या बायका देशभरात किती, यावर ल्युसर्न विद्यापीठातल्या अभ्यासकांचा अंदाज वीस ते चाळीसच्या दरम्यानचा. सरकारने पर्यायी मसुदा तयार ठेवला होता. अधिकाऱ्याला ओळख पटवायची असेल तेव्हा चेहरा दाखवणं बंधनकारक, आणि सोबत स्त्रियांच्या समान संधीसाठी काही तरतुदी. मला वाटतं, या सगळ्या वर्षांत एखाद्या सरकारने मांडलेला हा सर्वांत शहाणा मसुदा होता. बंदी जिंकली आणि तो आपोआप बाद झाला. १ जानेवारी २०२५ पासून तिथे एक हजार फ्रँकपर्यंत दंड आहे.

मधल्या काळात करोना आला. मे २०२० पासून फ्रान्समध्ये मेट्रोत मास्क नसेल तर दंड होता आणि त्याच डब्यात नकाब असेल तरीही दंड होता. चेहरा पाहिल्यावाचून एकत्र जगता येत नाही हा युक्तिवाद त्या दोन वर्षांत प्रत्यक्ष तपासला गेला. लोकांनी एकमेकांना किराणा आणून दिला, तोही अर्ध्या चेहऱ्याने. कायद्याचा फेरविचार करावा असं मात्र सत्तेतल्या कोणाला वाटलं नाही. मे २०२२ मध्ये काबूलला तालिबानने उलट फर्मान काढलं की बाईने घराबाहेर चेहरा झाकलाच पाहिजे, आणि न झाकल्यास शिक्षा घरातल्या पुरुषाला. त्याच सप्टेंबरात तेहरानमध्ये महसा अमिनी पोलिसांच्या ताब्यात मरण पावली आणि इराणी मुलींनी डोक्यावरचे रुमाल जाळले. त्या मुलींना पाठिंबा देणाऱ्या युरोपीय नेत्यांची भाषणं ऐकताना मला त्राप गाव आठवत होतं. ऑक्टोबर २०२५ मध्ये पोर्तुगालच्या संसदेने शेगा या उजव्या पक्षाचं बंदीचं विधेयक मंजूर केलं.

आपल्याकडे ही मागणी मे २०१९ मध्ये 'सामना'च्या अग्रलेखातून आली. ईस्टरच्या बॉम्बस्फोटांनंतर श्रीलंकेने चेहरा झाकण्यावर बंदी घातली होती, त्याचा दाखला देऊन. शिवसेनेने ती आपली अधिकृत भूमिका नसल्याचं सांगितलं, आणि जावेद अख्तर म्हणाले की बंदी घालायचीच तर राजस्थानातल्या घुंघटवरही घाला. पुढे वाद वर्गात शिरला. कर्नाटकातल्या हिजाबबंदीवर ऑक्टोबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाचे दोन न्यायाधीश दोन बाजूंना गेले. २०२४ मध्ये चेंबूरच्या एका महाविद्यालयाच्या गणवेश नियमाविरुद्ध नऊ मुली न्यायालयात गेल्या. मुंबई उच्च न्यायालयाने त्यांना दाद दिली नाही. सर्वोच्च न्यायालयाने ९ ऑगस्टला हिजाब आणि टोपीवरची बंदी तात्पुरती थांबवली, पण वर्गात चेहरा झाकणारा बुरखा चालणार नाही हेही स्पष्ट केलं. हा भेद मला मान्य आहे. शिकवणाऱ्याला समोरच्या मुलीचा चेहरा दिसायला हवा. परीक्षेत, न्यायालयात, बँकेतही. रस्त्यावर नाही.

महाराष्ट्राला या प्रश्नाकडे पाहण्याची स्वतःची रीत आहे. एप्रिल १९६६ मध्ये समाजसुधारक हमीद दलवाईंनी सात मुस्लिम बायकांचा मोर्चा मुंबईत विधान भवनावर नेला. मागणी होती ती तोंडी तलाक आणि बहुपत्नीत्व संपवण्याची, म्हणजे बाईला घरात अधिकार देणाऱ्या कायद्याची. एका दमात दिलेला तोंडी तलाक न्यायालयाने रद्द ठरवायला २०१७ उजाडलं. तरी सातच बायका होत्या म्हणून त्या मागणीचं वजन कमी झालं नाही, आणि त्यांच्यातल्या कोणावर दंड बसवावा असं दलवाईंना कधी वाटलं नसतं.

चेहरा झाकण्यासाठी मुलीला घरी धमकावलं जात असेल, तर २००५ चा कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायदा आपल्याकडे आहे. मारहाणच नव्हे, मानसिक छळही त्यात येतो, आणि जिल्ह्याजिल्ह्यांत संरक्षण अधिकारी नेमण्याची त्यात तरतूद आहे. हा अधिकारी कोण, त्याचा दूरध्वनी कोणता आणि जवळचं मुलींचं वसतिगृह कुठे, हे मालेगाव-भिवंडीपासून चेंबूरपर्यंतच्या प्रत्येक कॉलेजच्या सूचनाफलकावर मराठी आणि उर्दूत लिहिलेलं असावं, अशी माझी मागणी आहे.